सायप्रस, डाव्या बाजूने

९ जून २००७. श्रूजबरी, अमेरिका

बॅग भरली. सायप्रस! भूमध्य समुद्रातलं बेट, आठवडाभर, सगळा खर्च अनीशचा. मुलगा एवढा उदार झाला की आईने सावध व्हावं.

कारण मला ठाऊक आहे. फेब्रुवारीत माझी गाडी बर्फावर घसरली आणि गॅरेजच्या दारावर गेली. दार बदललं. माझ्या लेखी विषय संपला. पण अनीश त्याच्या गावाहून, ईडन प्रेरीहून, विमानाने आला आणि गाडीची किल्ली खिशात घालून गेला. "आई, जस्ट फॉर नाउ." ते 'नाउ' अजून चालू आहे! आता म्हणतो, घर वीक, आमच्याकडे राहायला ये, बेसमेंटमध्ये तुझी खोली तयार आहे. "ट्रिपमध्ये निवांत बोलू." बोलू. माझं उत्तर तयार आहे – नाही.

तोवर बाजाराला शेजारच्या शुभाच्या गाडीतून. ती कोथिंबिरीची एकेक जुडी हुंगते आणि मी ट्रॉली धरून उभी.

११ जून. पॅफॉस

आज झोप येणार नाही. आनंदाने!

लंडनला अनीश, सून नेत्रा आणि रुही भेटले. नात नऊ वर्षांची झाली, खांद्याला लागते माझ्या. पुढे एकत्रच सायप्रसच्या लार्नाका विमानतळावर उतरलो. गाडी अनीशने इंटरनेटवर बुक केलेली. फार स्वस्त मिळाली म्हणून वाटभर खूश. गाडी पाहिली आणि चेहरा उतरला. स्टिअरिंग उजवीकडे. पायाशी क्लच. इथे वाहनं डावीकडून चालतात – आपल्या नागपुरासारखी – हे साहेबांनी वाचलंच नव्हतं! ऑटोमॅटिक आठवडाभर एकही मिळणार नाही, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं.

"अरे यार," नेत्रा म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी पुण्यात फक्त स्कूटी चालवलीये."

अनीशचा जन्म अमेरिकेतला. क्लच त्याने बहुधा सिनेमातच पाहिला असेल. तरी बसला. गाडी बेडकासारखी उड्या मारत फाटकापर्यंत गेली. बंद पडली. पुन्हा उड्या. मग फाटकाबाहेर – उजव्या बाजूला! समोरून बस. रुही किंचाळली, "डॅड! राँग साइड!"

"उतर," मी म्हटलं.

"आई, तू –"

"उतर म्हटलं ना."

किल्ली त्याने घेतली होती. लायसन्स मागायला विसरला होता! काउंटरवर माझं नाव घालून घेतलं.

वडिलांनी गाडी शिकवली ती नागपुरात, कॉलेजच्या सुट्टीत, फियाटवर. अमेरिकेतली पहिली गाडीही क्लचवाली, जुनी. शेजारच्या वुस्टर गावाचे चढ तिच्यावरच चढले. पण त्यानंतर तीस वर्षं ऑटोमॅटिक. डावा पाय सगळं विसरला असेल, ही भीती होती. नव्हता विसरला! लिमासोलच्या पुढे डाव्या हाताला समुद्र सुरू झाला, निळा, पार क्षितिजापर्यंत, आणि मी चक्क गुणगुणायला लागले. "आई गाते?" नेत्राने अनीशला हळूच विचारलं. 

१२ जून

पॅफॉसचं बंदर, बुटका किल्ला, रोमन काळातल्या घरांच्या जमिनी – दगडाच्या रंगीत तुकड्यांची चित्रं. एका वाघाकडे बघत रुही किती वेळ बसली! इथलं हलूमी नावाचं चीज तव्यावर भाजून देतात, दाताखाली करकरतं. नेत्रा म्हणाली, "पनीरची मोठी बहीण." बरोबर आहे.

दुपारी कोरल बे. माणसंच माणसं, वाळू दिसेना. नापसंत. लगेच निघालो.

१३ जून

लाराचा किनारा. डांबरी रस्ता संपला तिथे गाडी ठेवली आणि चालत गेलो. उन्हाने डोकं तापलं, पण काय तो किनारा! दुकान नाही, छत्री नाही. कासवांनी वाळूत अंडी घातलेली. जिथे घातली तिथे वर जाळीचे पिंजरे. त्यांना वळसा घालून पाण्यात गेले – पंजाबी ड्रेससकट. अनीश काठावरून, "आई, केअरफुल!" रुही पाण्यातून, "डॅड, शी इज फाइन!"

खूप वेळ डुंबले. जेवणाचं कुणी नाव काढलं नाही, हेही बरं.

१४ जून

सकाळी रिकाम्या मैदानात नेत्राला क्लच शिकवला. ती रडकुंडीला, मी कडक. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि उतरून मला मिठीच मारली. लग्नाला दहा वर्षं झाली, ही पहिली!

१५ जून

आजचं नीट लिहायला हवं.

डोंगरात गेलो. नकाशा रुहीकडे. "आजी, लेफ्ट!" लेफ्टला रस्ता नव्हताच, गावातला बोळ होता. दोन्हीकडे दगडी भिंती, वर द्राक्षांचा मांडव, आणि उभा चढ. मध्यावर पोचलो तर वरून कलिंगडांनी भरलेला टेंपो! तो काही मागे जाईना. मीच गाडी मागे घेत घेत खाली कॉफीच्या दुकानापर्यंत आणली. तिथल्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या वळवून घेतल्या. एकजण काठीने दिशा दाखवतोय – "मॅडम, लेफ्ट! मोअर लेफ्ट!" टेंपो गेला. मग हँडब्रेक, क्लच, आणि चढावर गाडी उचलली. बोटभरही मागे सरकली नाही. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या!

"आई, हे कसं केलंस?" अनीशचा आवाज लहानपणीचा.

"पायाने."

संध्याकाळी लाची नावाच्या गावात समुद्राकाठी मासे खाल्ले. नेत्रा आणि रुही शंख गोळा करायला गेल्या. मी वाट बघतच होते. पण त्याने घराचं काढलं नाही.

"आई, फेब्रुवारीत खरंच बर्फ होता?"

"तेव्हाही तेच सांगितलं होतं."

तो माशाचे काटे बाजूला काढत राहिला. "तुझा फोन आला तेव्हा मी खूप घाबरलो गं. बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचलो नव्हतो."

मी त्याच्या ताटात माझा मासा ठेवला.

१८ जून

परतीला लार्नाकापर्यंत मीच. काउंटरवर गाडीची किल्ली देताना अनीश म्हणाला, "घराचं मी पुन्हा विचारणार नाही. तुझं घर, तुझी गाडी. श्रूजबरीच्या गाडीची किल्ली पोचल्यावर पाठवतो."

जिंकले!

२३ जून. श्रूजबरी

किल्ली कुरियरने आली. लगेच बाजाराला गेले, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. शुभाला शेजारी बसवलं. "काकू, हळू!" म्हणत होती. हळूच होते मी.

१ जुलै

नेत्राचा फोन. क्लासला नाव घातलंय – क्लचवाली गाडी शिकायला! मागून रुही ओरडत होती, "आजी, कधी येतेस?" फोन ठेवला. चार खोल्या, मी एकटी. जेवण एका भांड्यात होतं, तसंच उभ्याने खाल्लं.

८ जुलै

घर विकायला काढलं. एजंटला मीच फोन केला, कुणी सांगितलं म्हणून नाही. आणि नेत्राला म्हटलं, बेसमेंट राहू दे. ईडन प्रेरीत माझ्यासाठी एक लहानसं घर बघ – तुमच्या जवळ, पण चालत येता येणार नाही, गाडी काढावी लागेल इतकं लांब.