त्या सिनेमातला बाप

बाबा, काल दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता. तुम्ही साखळी गावच्या थिएटरात दारावर तिकिटं फाडायचात, तेव्हा दर दोनेक वर्षांनी परत यायचा तो. दोन धर्मांतली मुलगा-मुलगी, आडवी आलेली घरची माणसं, शेवटी दोघं जीव देतात. बाकी सगळे सिनेमे तुम्ही मला फुकट दाखवलेत, हा मात्र मध्यंतरापर्यंतच. मग बाहेर नेऊन भजी द्यायचात आणि म्हणायचात, "फुडे काय नाय, नुसती रडारड."

आमच्या लाटंबार्सेत पाव घेऊन येणाऱ्या ख्रिस्ती पोदेराच्या मुलाचं आणि माझं जमलंय, हे तुम्हाला गावातल्याच कुणीतरी सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. आठ दिवस मी वाढायची, तुम्ही ताटाकडे बघत जेवायचात. त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं, असं वाटायचं. मग एका रविवारी दुपारी चपला घालताना म्हणालात, "चल गो, आज पुरो बघूया."

दारावर दुसऱ्याला उभं करून तुम्ही माझ्या शेजारी बसलात. शेवटी मुलीचा बाप चिखलात बसून ऊर बडवतो, आणि तुम्ही पडद्यावरची नजर न काढता विचारता, "बघलंस त्याका?"

मी मान हलवते.

"माका तसा रडूचा नाय. पोदेर घरात केन्ना असता?"

"सांजेचो," मी कसंबसं म्हणते.

त्याच संध्याकाळी तुम्ही त्यांच्या भट्टीवर गेलात. काय बोलणं झालं ते माझ्या सासऱ्यांनीही कधी सांगितलं नाही. पिठाच्या गोणींवर बसून दोघं चहा प्यायलात, एवढंच. आईला निवळायला वर्ष लागलं. गावाने तुम्हाला दोन वर्षं पालखीला खांदा लावू दिला नाही, तर तुम्ही पालखीच्या बाजूने चालत राहिलात.

आम्ही सुखात आहोत, बाबा. काल शेवट यायच्या आधीच नवरा घोरायला लागला.

हे पत्र कुठे धाडणार? पण एक सांगायचं राहिलं. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारच्या पहिल्या बसने आम्ही पणजीला पळून जाणार होतो. माझी कपड्यांची पिशवी काजूच्या बागेत लपवलेली होती. ती मी मंगळवारी गुपचूप घरी आणली.