सपाट रेघेतला श्वास

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची मुलीच्या नव्या घरी. जिना चढताना गुडघे कुरकुरले, पण त्यांचं ऐकतंय कोण. जावईबापू जहाजावर, मुलगी दिवसभर दाताच्या डॉक्टरांकडे कामाला, म्हणजे घरात मी आणि माझी नात. तिला मी खारूताई म्हणते, कारण एका जागी बसेल तर शपथ. ही वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, रोज लिहीत जा, म्हणजे माझं डोकं खायला तुला वेळ उरणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही निम्मी वर्गाबाहेर उभं राहण्यात गेली. जोडाक्षरं चुकली तर वाचणाऱ्याने आपली आपण दुरुस्त करावीत.

माझी खाट तिच्याच खोलीत आहे. खोलीत कॉम्प्युटर आणि लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार. मला वाटलं, आता कानठळ्या बसणार. कसलं काय. नुसती वाजवली तर डासाएवढा आवाज. मी विचारलं, हिला जेवायला घालत नाहीस का गं? तर हसून हसून लोळली. मग तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि तार छेडली. छातीत भूकंप झाला. मी म्हटलं, परत.

मंगळवार, ४ तारीख

आज शिकवणी. गिटारची वायर एका छोट्या पेटीत जाते, पेटीची वायर कॉम्प्युटरमध्ये. लाल बटण दाबलं की पडद्यावर रेघ धावू लागते. वाजवलं की रेघेला डोंगर येतात, गप्प बसलं की सपाट. एक रेघ झाली की तिच्याखाली दुसरी. एकटीच पोरगी, पण चार जणींसारखी वाजते. संगीताच्या कॉलेजात प्रवेशासाठी तिला हे शनिवारी पाठवायचंय, म्हणून जेवणाचंही भान नाही.

पेटी जुनी आहे, एका गिटारच्या सरांकडून घेतलेली. आणायला गेली तेव्हा सरांच्या दारात बायकी चपला होत्या. सर म्हणे, या कुणाच्या ते मला रोज कोडं पडतं, मी तर एकटाच राहतो. खारूताईने त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली. हसता हसता माझा चहा सांडला, मुलीची बोलणी खाल्ली.

बुधवार, ५ तारीख

तिच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी श्वास घेतंय.

मी म्हटलं, तुझाच असेल. ती म्हणाली, इथे माइकच नाही, वायरमधून फक्त तारांचा आवाज जातो. मी ऐकलं. बाईचा श्वास, धाप लागल्यासारखा. माझी बहीण दम्याने अशाच धापा टाकायची, पण तिचं पुन्हा कधीतरी. खारूताई म्हणाली, जुनी पेटी आहे, घरघरत असेल. मग साफ कसं करायचं तेही दाखवलं. कुणी वाजवत नाही असा सपाट तुकडा निवडायचा आणि यंत्राला सांगायचं, हा नको तो आवाज, ओळखून ठेव. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून म्हणायचं, काढ. यंत्र एका वेळी एकच ओळख लक्षात ठेवतं. नवी दिली की जुनी विसरतं.

शुक्रवार, ७ तारीख

काल लिहिलं नाही, कारण काल तिच्या रेकॉर्डिंगचा शेवटचा दिवस होता. दमून झोपली आहे पोर. मी म्हटलं, झाडझूड मीही जन्मभर केली, ही पण मीच करते, उठेल तेव्हा खूश होईल. शेवटी एक सपाट तुकडा होता, तो निवडला. ओळख दिली, काढ म्हटलं, ती सांगते तसं जपून ठेवून बंद केलं. मग ऐकलं. श्वास गेला. आरशासारखं लख्ख. मुलीला म्हटलं, मला पण पाठव त्या कॉलेजात.

शनिवार, ८ तारीख

खारूताईच्या पावलांचा आवाज येत नाही. जिन्यावरून धावत आली, पण जिना वाजला नाही. ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत. कप पडला, फुटला, आवाज नाही. मला वाटलं, माझे कान गेले. पण मुलीचं बोलणं लख्ख ऐकू येतंय. ती लेकीच्या अंगावरून निघून गेली, जणू तिथे कुणी नव्हतंच. पोरगी माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे मला लिहिता येत नाहीत.

दुपारनंतर मलाही दिसेना.

रविवार, ९ तारीख

मुलीने दारातल्या लहान चपला उचलून विचारलं, आई, या कुणाच्या गं? म्हटलं, तुझ्या लेकीच्या. ती हसली. म्हणाली, आई, प्रवासाने शिणलीस तू, मला कुठली लेक. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

भिंतीवरच्या फोटोत मुलगी आणि जावईबापू, मधे एका माणसाची जागा.

कॉम्प्युटरच्या खुर्चीची गादी दबलेली आहे, कुणी बसल्यासारखी. मी हात फिरवला. ऊब होती.

सोमवार, १० तारीख

चष्मा लावून तो तुकडा पुन्हा ऐकला. शुक्रवारी चष्मा लावला नव्हता. सपाट नव्हता तो. बारीकशी लहर होती. वाजवून झाल्यावर गिटारवर वाकून ती हळूच म्हणाली होती, झालं गं आजी. माइक नाही, पण इतक्या जवळचं बोलणं तारांनी उचललं.

तिचा आवाज. मी यंत्राला सांगितलं, हा नको.

परत फिरवायचं बटण फिकट पडलंय, दाबत नाही. मीच जपून ठेवून बंद केलं ना.

हेडफोन लावले. आजी. आजी. आजी. दुसरं काही नाही.

मंगळवार

सरांना फोन केला. बाईने उचलला. घसा बसलेला, बरेच दिवस न वापरल्यासारखा. मी पेटीचं नाव काढताच रडायला लागली. म्हणाली, मी शुक्रवारी सुटले. यांनी चुकून मला काढलं होतं, याच घरात ओरडत फिरत होते मी. तुम्ही माझ्या जागी कुणाला दिलंत?

कुणाला दिलंत, म्हणे.

बुधवार

त्या पोरीला मी काय म्हणायचे ते आठवेना. वर वाचून लिहिते. खारूताई. खारूताई. खारूताई. माझ्या मुलीची मुलगी. गिटार लाल.

उद्या वाचूनही पटलं नाही तर? आजच करायला हवं. एकच ओळख लक्षात ठेवतं. नवी दिली की जुनी—

माझं सगळं बघून झालंय. तिचं अजून व्हायचंय. यात विचार तो काय करायचा.

गिटारवर वाकले. लाल बटण दाबलं. बोलले, झालं गं बाळा. ओळख दिली. काढ म्हटलं.

बुधवार, संध्याकाळ

जिना वाजला. धाड धाड धाड. किती गोड.

खोलीत आली. आई, माझ्या खोलीत ही जादा खाट कशाला, असं ओरडून विचारलं तिने. मुलीलाही सांगता येईना. मी खाटेवरच बसले होते. असू दे. बोलतेय, पुरे. पेन चालतंय, पण कागदावर घासल्याचा आवाज नाही.

गुरुवार

हेडफोन लावून बसली आहे. कपाळाला आठी. आईला म्हणाली, यात कुणी म्हातारं माणूस श्वास घेतंय.

अगं मी आहे. नको. राहू दे मला त्यात.

ती म्हणाली, साफ करते. नवा सपाट तुकडा घेते आधी. गिटार मांडीवर, लाल बटण— सुरू. गप्प बसली आहे. कान झाकलेले.

मुलगी चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली, गिटारच्या अगदी जवळ. हळूच म्हणतेय, बाळा, चहा—

बोलू नकोस गं. माझे आई, बोलू नकोस, ते सगळं आत जातं— तिचा हात माऊसवर— मी हात धरतेय, तिला कळत नाही— बाळा, तो तुकडा सपाट नाही, नीट बघ, त्यात तुझी आ