माणिकबाईचा हरभरा

पिंपळझिरा, ता. तिवसा
बुधवार, ५ मार्च २०२५

रागावून अकोल्याला जाऊन बसलेल्या जमुनाबाईस, तिच्या मोठ्या भावाचा जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तू, नीलम आणि जावईबापूही ठीक असाल. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. पाकीट घ्यायला गेलो तर पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "काका, कोर्टाचं काम हाय काय?" म्हटलं, त्याहून अवघड, बहिणीचं आहे.

तुझा गहू पिवळा पडायला लागलाय. रोज एक चक्कर मारतो. रानडुकरं शिरू नयेत म्हणून तुझ्या भागीरथावहिनीनं तुझ्या जुन्या साड्या कुंपणाला बांधल्यात. त्यात ती जांभळीही गेली. तेवढ्यासाठी आणखी एक महिना रागावू नकोस.

दुसरी बातमी म्हणजे शनिवारी आपल्या शेतकरी गटाचा हरभरा अमरावतीच्या डाळ मिलमधून परत आला. हस आता. पोटभर हस.

तुला माहीतच आहे, एकट्यानं दोन-चार पोती घेऊन बाजारात गेलं की व्यापारी नीट बघतसुद्धा नाही. अकरा जणांनी मिळून गाडी भरली की मिलवाला स्वतः उठून बाहेर येतो. तसा तो आलाही. आमची पोती नावानिशी लावलेली होती. त्यानं पाच-सहा पोत्यांतून मूठमूठ काढली, एकत्र केली, यंत्रात टाकली. ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे, आपला निघाला पंधरा. बिचारा चांगला माणूस. म्हणाला, वाळवून पुढच्या सोमवारी आणा, गाडी उभी करून घेतो. पण तेव्हाही ओला निघाला तर पुन्हा आपल्या गटाचं नाव काढणार नाही.

तर हे असं आभाळामुळे झालं. मागच्या आठवड्यात दोन दिवस ढग होते. शिवाय गाडीवरची ताडपत्रीही कुबट होती.

(भागीरथा मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, "ताडपत्रीले काहून बदनाम करता? लिवा न खरं!")

बरं, खरं लिहितो. जानेवारीत मी अमरावतीला लग्नाला गेलो होतो ना, ते लग्न नव्हतंच. दोन्हीकडच्या दाढा काढून कवळी बसवून आलो. भागीरथाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. आता तुला कळलं.

तीस वर्षं सगळं गाव माझ्या दाढेखाली दाणा देऊन विचारत आलं. वाळला असेल तर कट् वाजतो, ओला असेल तर दबतो. पण या कवळीखाली सगळंच कट् वाजतं, जमे! ओला हरभराही कट्, कोरडाही कट्. वर हिरडी अशी दुखते की मी नुसता दाणा तोंडात फिरवायचो आणि मान डोलवायचो. अकराही जणांचा हरभरा मी तसाच पास केला.

आणि गटाच्या बैठकीत तू ते ओलावा मोजायचं यंत्र घेऊ म्हणालीस, तेव्हा सगळ्यांसमोर मी काय बोललो? "माह्या दाढेपेक्षा तुयी डबी शहाणी हाये काय?" सगळे हसले, तू उठून गेलीस. तेव्हा कवळी बसवून मला आठच दिवस झाले होते. जमुना, त्या दिवशी मला तुझा राग आला नव्हता, भीती वाटली होती.

पण याहून वाईट पुढे आहे. हरभरा परत आल्यावर सगळ्यांनी खापर माणिकबाईवर फोडलं. तिची सोंगणी सगळ्यात शेवटी झाली होती, म्हणून. बेबीताई गटाची अध्यक्ष, तिनंही ठरवून टाकलं की सोमवारच्या गाडीत माणिकबाईची पोती नकोत. मी तिथंच बसलो होतो. गप्प.

माझी पोतीसुद्धा मी उघडली नाहीत. हरभरा वाळत घातला असता तर लोकांनी विचारलं असतं, किसनराव, तुमचा तर कोरडा होता ना?

गुरुवार

काल पत्र अर्धं ठेवून गेलो बेबीताईकडे. सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. कवळी काढून दाखवली. आधी सगळे दचकले, मग जे हसले, ते हसले! एक जण म्हणाला, "किसनभाऊ, लगनात जेवले कसे?" मीही हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

माणिकबाई मात्र हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, चार दिवस मी आंगनात हरभरा उलथापालथा करून राहिली. तुमी रोज समोरून गेले."

अजूनही तेच वाक्य कानात आहे.

बेबीताईनं मग विचारलं, कोणाचा ओला, कोणाचा कोरडा हे आता कोण सांगणार? सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव. नीलमनं भागीरथाला सांगितलंय की तू ते यंत्र अकोल्यात कधीचंच घेतलंस आणि जावयाच्या घरातला गहू, तांदूळ, तूर सगळं मोजून झालंय. साबुदाणा तेवढा राहिलाय म्हणे. तो राहू दे. यंत्र घेऊन ये.

पत्र आज कुरिअरनं टाकतो, उद्या मिळेल. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघालीस तर दुपारी तिवशाला पोचशील, मी स्टँडवर उभा आहे. यायचं नसेल तरी मी उभा असेन.

बेबीताई म्हणते, तुमचा हरभरा आता तरी वाळत घाला. मी नाही म्हटलं. माझी पोती जशी मिलमधून आली तशीच शिवलेली आहेत. आधी माणिकबाईचा मोज, सगळ्यांच्या समोर. मग माझी पोती उसव. आकडा मोठ्यानं वाच, माझं नाव घेऊन वाच, तिला ऐकू जाईल असा. तिचा बाराच्या आत आणि माझा बाराच्या वर निघाला तर सोमवारी तिची पोती गाडीत जातील आणि माझी घरी राहतील.

गाडीत तिची पोती मी चढवणार आहे. ती नको म्हणाली तरी.

तुझ्यापुढे चुकलेला,
तुझा दादा
किसन