वळणावरचा हात

पाचगणी, मे १९४६

आईच्या पायावर मनूचं डोकं. दादा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काय गाळू नगंस.

आई, मी बरी हाय. शाळेच्या बोर्डिंगात पोटभर मिळतं, धुण्याचं काम बी झेपतंय. म्हस व्याली का? दादाचा खोकला कसा हाय?

तुला न आवडणाऱ्या चाकाच्या बुटांचं लिवते. रविवारी आमा कामवाल्या बायांच्या दोन टोळ्यांची शर्यत झाली. ते बूट घालून सगळ्या जणी रिंगणात एकदमच पळतात आन् एकमेकींना खांद्यानं आडवतात. दुसऱ्या टोळीतल्या बायांना मागं टाकायचं काम माजं. वळणावर आपली शेजारची सुला माजा हात धरून मला पुढं झोकती. तूच तिला माज्या सोबतीला धाडलीस. त्या भरवशावर मी अंग सोडलं, आन् तिनं हात मागं घेतला. गुडघा फुटलाय, पण हाड शाबूत हाय. काळजी करू नगंस.

हळद लावताना सुला रडली. म्हणाली, "जत्रेला गावी गेले तवा काकूनंच, तुज्या आईनंच सांगितलं. एकदा हात देऊ नगंस, पडली की तिचं खूळ जाईल आन् सोयरीक जमंल."

सुलावर माजा राग न्हाई. सूज उतरली की तिचाच हात धरून पळणार हाय.

लहानपणी तुजा हात धरून घाट उतरायची, तवा मी कवा खाली बघितलं न्हाई. आता गावी आले तर बघून पाय टाकीन.

तुजीच,
मनू