भरलेली बाटली

बाबा, गेल्या रविवारी मी आरे-वारेच्या पुढच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर बसले होते. तुम्ही बसला होतात त्याच चिऱ्यांच्या बुटक्या गडग्याला पाठ टेकून. मुद्दाम नाही, पाय चालेनात म्हणून. एरवी त्या जागी मी कधी सायकलवरून उतरत नाही; मान समुद्राकडे वळवायची आणि पेडल जोरात मारायचं, हे ठरलेलं. हिवाळ्यात लांब पल्ल्याची राइड आहे, तिचा सराव चाललाय. मेच्या उन्हात सराव कर असं कुणी सांगितलेलं नाही, पण उन्हात टिकले तर कुठेही टिकेन हा हट्ट, तो तुमचाच म्हणायचा. नवरा म्हणतो, "डोकं फिरलंय तुझं," आणि जेवून पंख्याखाली आडवा होतो. बरोबर यायला कुणी तयार नसतं, आणि खरं तर मलाही कुणी नकोच असतं.

तुम्ही बोटीवरून कायमचे घरी आलात ते दिवस आठवतात. मी कॉलेजातून येते, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. आई बांगडे तळतेय. तुम्ही डावीकडे सरकलात की तिला तिखटाचा डबा हवा असतो, उजवीकडे सरकलात की माठातलं पाणी. "अहो, बसा ना कुठेतरी एका जागी," ती म्हणते. तुम्ही हसता, पण बसायची ती जागा तुम्हाला आमच्या घरात काही सापडत नाही. मग तुम्ही सायकल काढलीत. आधी बाजारापर्यंत, मग काळबादेवी गावापर्यंत, मग आरे-वारेचे चढ चढून सड्यावर, तेही भर दुपारी. आई ओरडायची. तुम्ही म्हणायचात, "अगो, उभा जन्म इंजिनरूममध्ये काढलाय मी. ह्या उन्हाला काय भिणार?" एकदा मला बरोबर नेलंत. पहिल्याच चढाला मी बाटली रिकामी केली, तर भर रस्त्यात थांबवून मला झापलंत. "पाणी राखून प्यायचं. बोटीवर असतीस तर बाकीच्यांनी काय प्यायचं?" वर आल्यावर मात्र स्वतःची बाटली माझ्या हातात दिलीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची बाटली, आत माठातलं पाणी, अजून गार. मी गटागटा सगळी संपवली. तुम्ही समुद्राकडे बघत होतात.

तुम्ही गेलात त्या दिवशी तीच बाटली तुमच्या मांडीत होती. सायकल नीट स्टँडवर, टोपी डोक्यावर. आंब्याचे क्रेट नेणाऱ्या गाडीवाल्याला वाटलं, बसलाय माणूस वारा खात. बाटली घरी आली ती भरलेली, बूच घट्ट लावलेलं. समाचाराला येणारे बाटलीकडे बघायचे, मग आईकडे बघायचे. कुणी काही बोललं नाही आणि आईला ते सगळं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. आई म्हणाली, "पाणी होतं की जवळ. मग?" ते 'मग' अजून आमच्याकडे आहे, बाबा. आई आता माझ्याकडेच असते. आधण ठेवताना मधेच थांबते, तेव्हा मला कळतं. पुढचं वाक्य ती एकदाच बोलली होती. "त्यांना माझ्याबरोबर राहायचंच नव्हतं गो. जमिनीवर मनच नव्हतं त्यांचं." मी म्हटलं, भलतंच काय. पण मलाही तसंच वाटायचं, आणि त्याचा तुमच्यावर मला फार राग होता.

रविवारी कातळ नुसता भाजत होता. चढ संपला की मागून तुमच्या सायकलची टकटक ऐकू येते, मधेच अडखळणारी. दरवेळीच येते. मी वळून बघत नाही. या वेळी ती मला मागे टाकून पुढे गेली आणि गडग्याशी थांबली. मीही थांबले, बसले. आणि बाबा, मला थंडी वाजली. भर उन्हात अंगावर काटा आला. घाम केव्हाच थांबला होता, दंडाला हात लावला तर कोरडा, मिठाने खरखरीत. तहान नव्हती. बाटली हातात होती, भरलेली, पण पाण्याच्या विचारानेही मळमळत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे मला बरं वाटत होतं. समोर समुद्र, कसली घाई नाही, पिऊ की जरा वेळाने. शेजारी तुम्ही बसलायत याची मला खात्री होती आणि त्याचं नवलही वाटत नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावर जळणाच्या फाट्यांचा भारा घेतलेली एक बाई आली. "काय गो बाय, पानी हातात नि अशी काय बसलीस?"

"तहान नाही मला," मी म्हटलं. माझाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"तान नाय? येडी का काय तू? तोंड बग तुजं!" तिने भारा खाली टाकला, बाटली हिसकावून अर्धी माझ्या डोक्यावर ओतली आणि उरलेली तोंडाला लावली. मी ओकले, तरी पुन्हा लावली. मग ओढतच बागेतल्या आंब्याखाली नेलं आणि पदराने वारा घालत बसली. पुन्हा घाम फुटला तेव्हा मी रडायला लागले. "रडू नको गो, आता काय नाय व्हयत," ती म्हणाली. तिला वाटलं, मी घाबरले. मी घाबरले नव्हते. तुम्ही जायचं ठरवलं नव्हतं, बाबा. तुम्ही जरा वेळाने पिणार होतात. तुमच्याजवळ कुणी आलं नाही, एवढंच.

घरी आले तर आईने कोकम सरबत पुढे केलं. "उशीर केलास आज." तिच्या मागे फळीवर तुमची बाटली होती, घासून चकचकीत केलेली. 'आई, त्यांना तहानच लागली नसणार.' एवढंच वाक्य होतं, जिभेवर आलंही होतं. पण ती विचारणार, तुला कसं कळलं? आणि मग दर रविवारी मी परत येईपर्यंत ती दारात उभी राहणार, जशी तुमच्यासाठी राहायची. मी सरबत प्यायले, ग्लास विसळून पालथा घातला. तिला सांगायचं ते तुम्हाला लिहून मोकळी होतेय, आणि तुम्हाला तर ते आधीपासूनच ठाऊक आहे.