निळ्या निशाणाचा अर्धा अर्थ

मंगळवार, ४ मार्च. दुपारी सव्वातीन. आईच्या पलंगाशेजारी बसून जहाजाचं एक फाटकं निशाण शिवत होतो.

दादा,

तुझं जहाज इथल्या खिडकीतून स्पष्ट दिसतं. ते बंदरात आल्यापासून त्यावर चढणाऱ्या प्रत्येक निशाणाचा अर्थ आई मला विचारते. मी निशाणं शिवतो, म्हणून मला सगळं कळतं असं तिला वाटतं.

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून लिहितो. काल तुमच्या जहाजाचा आचारी बाजारात भेटला. म्हणाला, "तुझ्या भावाला दोन दिवस सुट्टी होती की. घरी आला नाही?" आईला हे सांगितलेलं नाही.

आज निळं, मधे पांढरा चौकोन असलेलं निशाण चढलं.

"आता काय म्हणतोय रे तो?"

"सगळ्यांनी जहाजावर या, म्हणतोय." जहाज सुटणार आहे, हा पुढचा अर्थ मी गिळला.

"मग बघत काय बसलास? माझ्या चपला काढ. तो येत नाही, तर आपण जाऊ."

कित्येक महिन्यांनी ती आपणहून उठून बसली आहे. केस विंचरते आहे. मलाही तोंड धुऊन यायला सांगितलं आहे. तुमचा नांगर वर येतो आहे.

तुझा,
धाकटा