इंजिनाच्या कामाला पोळपाट

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय आज. आम्ही राहतो त्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला काढलंय आणि ते नेमकं ओट्याखाली. म्हणजे आठ दिवस स्वयंपाक बंद. तेही चालवून घेतलं. पण आज हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून सुटून घरी येते, तर मेकॅनिक बूट घालून आत, आणि तेलकट पंप खोलून ठेवलाय कशावर? माझ्या पोळपाटावर! आईने दिलेल्या सागवानी पोळपाटावर!

मी ओरडलेच. तो थंडपणे, इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाला, "ओन्ली बोट लाह, मॅडम."

बोट? घर आहे ते माझं! मी येते का तुझ्या घरी चपला घालून?

तो गेल्यावर पोळपाट तीनदा घासला. डिझेलचा वास जातच नाही. पण त्याला तो सापडला कसा? मी तर फडक्यात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवला होता.

समीरला विचारलं. जहाजांच्या इंजिनांत जन्म घालवलेला माझा नवरा म्हणतो, "अगं, मीच दिला. सपाट आहे, डुगडुगत नाही. एकदम बेस्ट."

इंजिन बसलं की पहिल्या पोळ्या समीर लाटेल. याच पोळपाटावर. आणि खाईलही तोच.